शेजारच्या शब्दांची साक्ष

वाचताना अनोळखी शब्द आडवा आला की वाचक सहसा कोश उघडत नाही. तो त्या ओळीवर क्षणभर रेंगाळतो, मागचापुढचा मजकूर चाचपतो, मनाशी एक अर्थ धरतो आणि पुढे सरकतो. माणसाच्या पदरी जे शब्द जमतात, त्यांतले फार थोडे कोणी अर्थ सांगून शिकवलेले असतात. बाकीचे असेच वाचता-ऐकता अंगवळणी पडतात. मनाशी धरलेला हा अर्थ कधी नेमका निघतो, कधी ढोबळ, कधी साफ चुकीचा. तो कशाच्या आधारावर धरला आणि पुढच्या मजकुराशी पडताळला की नाही, यावर ते अवलंबून असते. हे आधार कोणते, त्यांतला कोणता कितपत भरवशाचा, हे माहीत असले तर वाचणे पुष्कळ सोपे होते.

एका पानावर किती अनोळखी शब्द खपतात, यालाही मर्यादा आहे. न्यूझीलंडमधील भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन आणि मार्सेला हू यांनी परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यांचा अभ्यास करून २००० साली असे मांडले की, कोणाच्या मदतीशिवाय गोष्ट नीट समजायला मजकुरातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात. म्हणजे पन्नास शब्दांमागे एक अनोळखी. तीनशे शब्दांच्या पानावर सहा. हे प्रमाण ९५ टक्क्यांवर घसरले की त्याच पानावर पंधरा अनोळखी शब्द होतात, आणि मग एका शब्दाचा अर्थ ज्यांना विचारायचा ते शेजारचे शब्दही अनोळखी निघू लागतात. मराठीत शब्दाला प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये चिकटून येतात, त्यामुळे शब्द मोजायचे कसे इथपासून प्रश्न आहे. हा आकडा मराठीला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण त्यामागचे कारण मराठीलाही लागू पडते. साक्ष द्यायला ओळखीचे शब्द पुरेसे हवेत.

शब्दाचा अर्थ माणसाला कळतो कसा, हा प्रश्न भारतीय शास्त्रकारांनी फार पूर्वी हाती घेतला होता. विश्वनाथ पंचाननाच्या सतराव्या शतकातील ‘न्यायसिद्धान्तमुक्तावली’ या ग्रंथात त्याची आठ साधने दिली आहेत, तीही आधीच्या जाणत्यांचे मत म्हणून: व्याकरण, उपमान, कोश, आप्तवाक्य म्हणजे भरवशाच्या माणसाचे सांगणे, व्यवहार, वाक्यशेष म्हणजे उरलेला मजकूर, विवृति म्हणजे स्पष्टीकरण, आणि ओळखीच्या शब्दाचे सान्निध्य. या आठांत कोश हे फक्त एक साधन आहे. उरलेल्या सातांपैकी व्याकरण, वाक्यशेष, विवृति आणि सान्निध्य ही चार तर पानावरच हजर असतात. आजच्या वाचनशास्त्राच्या पुस्तकांत ‘संदर्भावरून अर्थ’ या नावाखाली जे शिकवले जाते, त्याचा बराचसा भाग या यादीत आधीच आलेला आहे, आणि अधिक काटेकोरपणे.

व्याकरण काय सांगते, हे पाहण्यासाठी कोणत्याही कोशात नसलेल्या शब्दांचे एक वाक्य घेता येते: ‘गंबळ्याने लिरपी झोगाडली.’ यातल्या एकाही शब्दाला अर्थ नाही. तरी मराठी वाचकाला बरेच काही कळते. गंबळ्या किंवा गंबळा नावाचा कोणी कर्ता आहे, लिरपी ही स्त्रीलिंगी वस्तू किंवा व्यक्ती आहे, झोगाडणे ही क्रिया सकर्मक आहे, ती लिरपीवर घडली आणि होऊन गेली. ‘ने’ आणि ‘ली’ या दोन अक्षरांनी वाक्याचा सांगाडा उभा केला. शब्द नाम आहे की क्रियापद, कोण करतो आणि कोणाला सोसावे लागते, एवढे ठरले की शक्यता एकदम कमी होतात. प्रत्यय चुकीचा वाचला तर उलट फसगत होते. ‘माळ्यावर’ या रूपामागे माळाही असू शकतो आणि माळीही. पेटी माळ्यावर ठेवली जाते आणि मालक माळ्यावर रागावतो. निकाल क्रियापद देते.

शेजारच्या शब्दांचे हे बळ बोलीतल्या शब्दांच्या बाबतीत विशेष उपयोगी पडते. पुण्या-मुंबईच्या वाचकाला ‘वावर’ म्हणजे ये-जा, अस्तित्व एवढेच माहीत असते. वऱ्हाडातल्या किंवा खानदेशातल्या गोष्टीत एखादी बाई भाकरी बांधून वावरात जाते, तिथे निंदणी चालू असते, बांधावर बैल सोडलेले असतात. ‘ती वावरात गेली’ एवढ्या तीन शब्दांवरून वाचक अडेल. पण भाकरी, बांध आणि बैल यांच्या मध्ये ठेवलेले वावर शेताखेरीज दुसरे काही असू शकत नाही. त्याच ओघात निंदणीचाही उलगडा होतो. शेतात बसून करायच्या त्या कामाचा निंदेशी काही संबंध नाही, ती खुरपणी आहे. ओळखीच्या शब्दाने अनोळखी शब्दाला जामीन राहावे, तसा हा प्रकार आहे. शास्त्रकारांनी सान्निध्याचे उदाहरण दिले आहे तेही असेच सुटसुटीत: आंब्याच्या झाडावर ‘पिक’ गोड गातो. पिक म्हणजे काय हे माहीत नसले तरी आंबा आणि गोड गाणे यांच्या शेजारामुळे कोकिळ ठरतो.

मराठी इतिहासात या सान्निध्याचे एक फार जड उदाहरण आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे घडले, त्याची खबर उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना वाटेत एका सावकारी पत्रातून कळली. पत्रात लढाईचा शब्द नव्हता. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या आणि रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नाही, अशा अर्थाचा तो मजकूर होता. आजच्या वाचकाला यातला ‘खुर्दा’ अडतो. पण मोती, मोहरा, रुपये आणि मग खुर्दा, असा मोलाचा उतरता क्रम नजरेत आला की खुर्दा म्हणजे रुपयाहून लहान, सुटी मोड हे कोशाशिवाय कळते. आणि हा क्रम कळला की पत्राचा दुसरा, खरा अर्थही कळतो: घरातली दोन माणसे, म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, मग नावाजलेले सरदार, मग ज्यांची मोजदाद कोणी ठेवली नाही ते शिपाई आणि बुणगे. पत्र लिहिणाऱ्याने वाचणाऱ्याच्या शेजार वाचण्याच्या शक्तीवर सगळा भार टाकला होता.

याच तत्त्वाचा एक खास देशी आविष्कार म्हणजे जोडशब्द. मराठीत एकाच अर्थाचे दोन शब्द, बहुतेकदा दोन वेगळ्या भाषांतून आलेले, एकमेकांना जोडून वापरण्याची जुनी सवय आहे. कागदपत्र या शब्दात कागद फारसीच्या वाटेने आलेला आणि पत्र संस्कृत. मानमरातब, बाजारहाट, रीतिरिवाज, धनदौलत यांतही हेच. ज्याला मरातब कळत नाही त्याला मान कळतो. ज्याला हाट माहीत नाही त्याला बाजार माहीत असतो. अनेक भाषा बोलणारी माणसे एका बाजारात, एका दरबारात वावरत असताना दोघांनाही कळावे म्हणून शब्दाशेजारी त्याचा अर्थ ठेवून दिला जाई, असे या जोड्या पाहून वाटते. कारण काहीही असो, वाचकाला त्या फुकटचा कोश पुरवतात. जोडीतला एक भाग ओळखीचा असेल तर दुसऱ्याचा अर्थ त्याच्या आसपासच शोधावा. मात्र सगळेच जोडशब्द समानार्थी नसतात. देवघेव, उठबस, चढउतार यांत दोन भाग एकमेकांच्या विरुद्ध आहेत.

विरोधही तितकाच चांगला साक्षीदार असतो. जुन्या ग्रंथांत ‘रागद्वेष’ हा शब्द वारंवार येतो. आजच्या मराठीतला राग म्हणजे संताप घेतला तर राग आणि द्वेष ही जवळपास एकाच जातीची जोडी होते आणि वाक्याचा तोल जातो. माणसाने रागद्वेषांच्या पलीकडे जावे असे सांगताना ग्रंथकाराला दोन टोके अभिप्रेत असतात. एका टोकाला द्वेष असेल तर दुसऱ्या टोकाला ओढ, आसक्ती हवी, आणि संस्कृतात रागाचा तोच अर्थ आहे. अनुराग या शब्दात तो आजही शिल्लक आहे. साधारण पाचव्या शतकात होऊन गेलेल्या भर्तृहरीने ‘वाक्यपदीय’ या ग्रंथात अनेकार्थी शब्दाचा अर्थ ठरवणाऱ्या गोष्टींची यादी दिली आहे. त्यात सोबत, विरोध, प्रकरण, प्रसंग, स्थळ, काळ अशा गोष्टी आहेत. या चर्चेत ‘सैंधव’ हा शब्द हमखास येतो. सिंधू नदीच्या मुलखातून मीठही येई आणि घोडेही येत, म्हणून दोन्हींना सैंधव म्हणत. जेवताना सैंधव मागितले तर मीठ आणायचे आणि प्रवासाला निघताना मागितले तर घोडा. मराठी स्वयंपाकघरात हेच सैंधव शेंदेलोण होऊन राहिले, घोडा मात्र अर्थातून निघून गेला.

पुष्कळदा लेखक स्वतःच अर्थ सांगून टाकतो आणि घाईत असलेला वाचक तो पाहत नाही. ‘म्हणजे’, ‘अर्थात’, ‘किंवा’, ‘ज्याला अमुक म्हणतात’ अशा शब्दांपुढे, दोन स्वल्पविरामांच्या मध्ये, कधी कंसात हे स्पष्टीकरण असते. कधी ते दोन-तीन ओळी खाली, उदाहरणाच्या रूपाने येते. म्हणून शब्द अडला की तिथेच खिळून राहण्यापेक्षा परिच्छेद संपेपर्यंत वाचत जाणे बरे. वेदवचनांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी वाक्यशेषाचे उदाहरण ‘यव’ या शब्दाचे दिले आहे. यज्ञासाठी यवाचा चरू, म्हणजे आहुतीचे शिजवलेले अन्न, करावा असे वचन आहे. पण काही लोक यव म्हणजे जव समजत आणि काही लोक राळ्यासारखे धान्य. वाद तिथल्या तिथे मिटत नाही. पुढे मात्र असे वर्णन येते की वसंतात इतर पिकांची पाने झडतात तेव्हा यव कणसांनी भरून डोलत उभे असतात. वसंतात कणसावर असणारे पीक रब्बीचे, म्हणजे जव. राळा खरिपाचा, तो तेव्हा शेतात नसतो. शब्दाचा अर्थ इथे शेतीच्या ज्ञानाने लागला, आणि तो लागला पुढचा मजकूर वाचल्यामुळे.

पानावरच्या साक्षीनंतर येते ती शब्दाच्या पोटातली साक्ष. मराठी शब्दांची घडण उघडी असते, आणि एकदा तिचे सांधे दिसू लागले की शब्दांची कुटुंबेच्या कुटुंबे ओळखीची होतात. पेशवाईच्या कागदांत चिटणीस, वाकनीस, पारसनीस, कारखाननीस असे अधिकारी भेटतात. यातले ‘नीस’ म्हणजे फारसी नवीस, लिहिणारा. चिठ्ठ्या लिहिणारा चिटणीस, ‘वाका’ म्हणजे घडलेल्या गोष्टींची नोंद ठेवणारा वाकनीस, फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा पारसनीस. आज ही आडनावे आहेत, त्यामुळे वाचकाला ती माणसांची नावे वाटतात. पद आणि आडनाव यांतला फरक पुन्हा शेजारच्या मजकुरावरूनच करावा लागतो. ‘खाना’ या शेवटाचेही तसेच. पीलखान्यात हत्ती, शिलेखान्यात हत्यारे, अंबारखान्यात धान्याच्या राशी. पन्हाळगडावरचे अंबारखाने पाहिलेल्या माणसाला हा शब्द कोशात शोधावा लागत नाही. शिलेखाना कळला की शिलेदारही कळतो, कारण ‘शिले’ म्हणजे शस्त्र दोन्हींत एकच आहे: स्वतःचे शस्त्र आणि घोडा घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार.

फारसीची ही कुटुंबे इतिहासाच्या पुस्तकात अधिक भेटतात. घरच्या मराठीची रोजच्या कागदांत. ‘पोट’ हा शब्द घ्यावा. पोटनियम, पोटकलम, पोटजात, पोटभाडेकरू, पोटहिस्सा या सगळ्यांत पोट म्हणजे मोठ्या गोष्टीच्या आत असलेली लहान गोष्ट. हे सूत्र हाती असले की सातबाऱ्याच्या उताऱ्यावरचा ‘पोटखराबा’ कोणी न सांगता कळतो: गटाच्या आतच मोडणारी, पण लागवडीला निकामी जमीन. ‘ति’ म्हणजे तीन हे तिपाई आणि तिठा यांवरून माहीत असेल, तर शेतकऱ्याची तिफण म्हणजे तीन फणांचे पेरणीचे अवजार हेही उमगते. गृहनिर्माण संस्थांच्या सभासदांना धडकी भरवणारा ‘मानीव अभिहस्तांतरण’ हा सरकारी शब्दसमूहसुद्धा सांधे सुटे केल्यावर तितका भीतिदायक राहत नाही. हस्तांतरण म्हणजे एका हातातून दुसऱ्या हातात जाणे, मानीव म्हणजे झाले असे मानलेले. विकासकाने जमिनीची मालकी स्वतःहून संस्थेच्या नावे करून दिली नाही, तरी सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाने ती दिली गेली असे मानायचे, हा त्याचा गाभा.

शब्द फोडण्याची ही कला हाती आली की तिचा मोह होतो, आणि खरी फसगत इथेच सुरू होते. ‘कुलमुखत्यारपत्र’ हा शब्द अनेकदा ‘कुळमुखत्यारपत्र’ असा लिहिला जातो. फोड करणाऱ्याला त्यात कूळ दिसते. मग ते कसेल त्याची जमीन या कायद्यातले कूळ असो वा घराण्याचे कूळ. प्रत्यक्षात हा अरबीतून आलेला ‘कुल’, म्हणजे सगळा. कुल मुखत्यार म्हणजे सर्वाधिकार दिलेला माणूस. राजीनाम्याचे प्रकरण आणखी बोलके आहे. राजी आणि नामा यांची बेरीज होते संमतीचा कागद, आणि हिंदी-उर्दूत राजीनामा म्हणजे दोन पक्षांतल्या समेटाचाच लेख. मराठीत मात्र राजीनामा म्हणजे पद सोडल्याचे पत्र. फोड अचूक असूनही अर्थ चुकतो, कारण शब्दाने मधल्या काळात आपली वाट बदललेली असते. शिक्षा, चेष्टा, संसार हे शब्दही हिंदीत एक सांगतात आणि मराठीत दुसरे. हिंदी पुस्तक वाचणाऱ्या मराठी वाचकाला हे ओळखीचे चेहरेच जास्त चकवतात.

‘अपरोक्ष’ या शब्दाने तर व्युत्पत्तीला पुरते उलटे केले आहे. परोक्ष म्हणजे डोळ्यांच्या पलीकडचे, नजरेआडचे. त्याला नकाराचा ‘अ’ लागला की अपरोक्ष म्हणजे नजरेसमोरचे, साक्षात. वेदान्ताच्या ग्रंथांत अपरोक्ष अनुभव म्हणजे प्रत्यक्ष अनुभव. पण रोजच्या मराठीत ‘माझ्या अपरोक्ष हा निर्णय घेतला’ असे म्हणणाऱ्याला गैरहजेरी सांगायची असते. शुद्धतेचा आग्रह धरणारे या वापराला चूक म्हणतात आणि व्युत्पत्तीने ते बरोबरही आहेत. पण वाचकाचे काम लिहिणाऱ्याला काय म्हणायचे होते ते ओळखणे हे आहे. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात एक अर्थ आणि तक्रारीच्या अर्जात दुसरा, अशी दोन्ही खाती उघडी ठेवावी लागतात.

धातू आणि फोड यांवर किती विसंबावे, याविषयी मीमांसकांनी स्पष्ट निर्णय दिला आहे. वेदात पिक, नेम, सत, तामरस असे काही शब्द येतात, जे आर्यांच्या बोलण्यात नव्हते पण इतर लोकांच्या बोलण्यात होते. प्रश्न असा आला की, या शब्दांचा अर्थ व्याकरण आणि निरुक्त यांच्या आधारे धातूंवरून रचावा, की ज्यांना म्लेच्छ म्हटले जाते त्यांना विचारावा? निर्णय दुसऱ्या बाजूने झाला. ज्यांच्या तोंडी शब्द जिवंत आहे त्यांचा अर्थ घ्यायचा: पिक म्हणजे कोकिळ, नेम म्हणजे अर्धा, तामरस म्हणजे कमळ. स्वतःच्या परंपरेचा एवढा अभिमान असलेल्या पंडितांनी शब्दाच्या बाबतीत बोलणाऱ्याचा हक्क वरचा मानला, ही मोठी गोष्ट आहे. मराठी बोलींना हीच कसोटी लावली पाहिजे. ‘खळे’ या शब्दाने देशावरच्या वाचकाला धान्य मळण्याची जागा दिसते. कोकणातल्या कादंबरीतले खळे म्हणजे घरापुढचे अंगण, जिथे मुले खेळतात आणि संध्याकाळी माणसे बसतात. यात कोणाचा अर्थ खरा असा प्रश्नच उद्भवत नाही. कादंबरी ज्यांच्या घरात घडते, त्यांचा अर्थ खरा.

खळ्यासारखे शब्द एका मोठ्या धोक्याकडे बोट दाखवतात. अगदीच अनोळखी शब्द वाचकाला निदान थांबवतो तरी. ओळखीचा वाटणारा, पण वेगळ्या अर्थाने आलेला शब्द थांबवतही नाही. पेशवेकालीन यादीत अमुक मण दारू किल्ल्यावर पाठवली असे आढळले की नवखा वाचक किल्लेदाराविषयी भलताच ग्रह करून घेतो. ती बंदुकीची दारू असते. दारूगोळा, दारूखाना, दिवाळीतली शोभेची दारू यांत तो अर्थ अजून टिकून आहे, आणि मुंबईच्या बंदराजवळच्या एका भागाचे नावच दारूखाना आहे. जुन्या ग्रंथांतले ‘वाखाणणे’ असेच. त्याचे मूळ व्याख्यान. श्लोक वाखाणला म्हणजे तो उलगडून सांगितला. आज वाखाणणे म्हणजे स्तुती करणे, त्यामुळे वाक्य वरवर ठीक लागते आणि चूक ध्यानात येत नाही. अशा ठिकाणी एकच खूण असते: वाक्याला लागलेला किंचित हिसका. मणाच्या मापाने मोजलेली, तोफांच्या यादीत बसलेली दारू खटकली पाहिजे. ती खटकण्याची सवय लावून घेणे हे या सगळ्या विद्येतले सर्वांत कठीण काम आहे.

संदर्भ नेहमी मदतच करतो असेही नाही. अमेरिकेतील वाचन-संशोधक इसाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली संदर्भांचे चार प्रकार सांगितले: अर्थ थेट दाखवणारे, ढोबळ दिशा देणारे, काहीच न सांगणारे आणि चक्क चुकीच्या दिशेने नेणारे. ‘त्याचा स्वभाव मोठा खाष्ट होता’ या वाक्यातून खाष्ट चांगले की वाईट, एवढेही कळत नाही. आजूबाजूला त्या माणसाचे कौतुक चालू असेल तर वाचक तो गुण समजून बसेल. म्हणून एका भेटीत लागलेला अर्थ कच्चा धरावा. स्वानबॉर्न आणि डी ग्लॉपर या डच अभ्यासकांनी १९९९ साली अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा सहज वाचताना भेटलेल्या शंभर अनोळखी शब्दांपैकी साधारण पंधरांचा काही ना काही अर्थ वाचकांच्या पदरी पडतो असे दिसले. आकडा लहान वाटतो. पण भरपूर वाचणाऱ्याला हेच शब्द पुन्हा पुन्हा भेटतात, आणि प्रत्येक भेटीत कच्च्या अर्थाची एखादी बाजू घासली जाते. ज्ञानेश्वरी वाचायला घेणाऱ्याला ‘आघवे’ हा शब्द सुरुवातीला अडतो. कधी तो जगाला लागतो, कधी कर्मांना, कधी सुखाला. चार-पाच ठिकाणी ‘सगळे’ हा अर्थ घालून पाहिला आणि प्रत्येक वेळी वाक्य नीट उभे राहिले की तो पक्का होतो. ‘अवघा’ हा त्याचा नातेवाईक आजच्या मराठीतही भेटतो, ती आणखी एक साक्ष. अर्थ असा घालून पाहणे हीच खरी परीक्षा: अनोळखी शब्द काढून तिथे धरलेला अर्थ ठेवावा, आणि वाक्य चालते की लंगडते ते पाहावे.

काही शब्द मात्र पानावर कितीही शोधले तरी उलगडत नाहीत. ‘सातबारा’ हा त्यातला नमुनेदार शब्द. सात आणि बारा यांची कितीही फोड केली तरी जमीन हाती लागत नाही. गावच्या महसुली हिशेबांत नमुना सात हा हक्कांचा आणि नमुना बारा हा पिकांचा, आणि हे दोन्ही एका उताऱ्यावर एकत्र येतात, म्हणून सातबारा. हे कोणीतरी सांगावेच लागते. आप्तवाक्याची जागा इथे आहे. गावातला जाणता माणूस, घरातली आजी, त्या धंद्यातला कारागीर यांना विचारून मिळालेला अर्थ बहुधा कोशापेक्षा भरीव असतो, कारण त्यासोबत वस्तूही दाखवली जाते. तिफण चालताना पाहिलेल्याला तिची व्याख्या पाठ करावी लागत नाही. शास्त्रकारांचा व्यवहार तो हाच: मोठा माणूस गाय आण म्हणतो, दुसरा ती आणतो, आणि पाहणारे मूल शब्द शिकते.

उरतो कोश. मराठी वाचकाच्या मागे या बाबतीत मोठी पुण्याई आहे. जेम्स मोल्सवर्थने टॉमस आणि जॉर्ज कँडी या बंधूंच्या आणि एतद्देशीय पंडितांच्या साहाय्याने केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली. य. रा. दाते, चिं. ग. कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत प्रसिद्ध झाला. शब्दाचे मूळ पाहायला कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ आहे, १९४६ सालचा. यादवकालीन मराठीसाठी शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा १९९९ सालचा कोश आहे. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आता कोणालाही पाहता येतात.

कोश उघडण्याआधी दोन गोष्टी हाताशी असाव्या लागतात. एक म्हणजे शब्दाचे मूळ रूप. ‘भावाने’ कोशात मिळत नाही. भाऊ शोधायचा की भाव, हे वाक्यावरून आधी ठरवावे लागते. ‘गेला’ हा जाणे या शब्दाखाली असतो. दुसरी म्हणजे मनाशी धरलेला अर्थ. कोशात एका शब्दापुढे पाच-सात अर्थ असतात, आणि काहीच न धरता गेलेला वाचक बहुतेकदा पहिला अर्थ उचलून परततो. किल्ल्यावरच्या यादीत स्फोटक काहीतरी असावे, एवढा अंदाज बांधून ‘दारू’ पाहणारा नेमक्या नोंदीवर थांबतो.

प्रत्येक शब्दासाठी इतके करावे लागत नाही. प्रवासवर्णनात झाडांची दहा नावे सलग आली आणि त्यातली दोन अनोळखी निघाली, तर ती झाडे आहेत एवढे पुरे. कथेच्या पहिल्या पानावर अडलेला शब्द तिसऱ्या पानावर पुन्हा आला, शीर्षकात आला, किंवा भांडण ज्या गोष्टीवरून पेटले तिचे नावच तो शब्द असला, तर त्याच्यासाठी थांबायचे. कराराच्या, औषधाच्या किंवा न्यायालयाच्या कागदावर मात्र अंदाजाने काम भागवू नये. तिथे एकही शब्द ढोबळ ठेवता येत नाही, आणि कुलमुखत्यारपत्रावर सही करणाऱ्याने त्यातल्या ‘कुल’चा अर्थ सहीच्या आधी विचारून घ्यायचा असतो.